क्यूसीचा साहेब कोण? गेमच्या रिव्ह्यूंची चाळीस वर्षं आणि माझी एक जुनी चूक

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण घरात पोरगं मोबाईलवर नाहीतर कॉम्प्युटरवर गेम खेळत असेल तर नक्की वाचा.

मागच्या रविवारी पुतण्या आला. अकरावीत आहे. एक नवा गेम घ्यायचाय म्हणाला, किंमत दोन हजारांच्या वर. "काका, यूट्यूबवर सगळे दहापैकी नऊ देतायत. घेऊ ना?" मी सहज विचारलं, "नऊ देणाऱ्यांनी तो स्वतःच्या पैशाने घेतलाय का?" तो हसला. "काका, त्यांना कंपनीच देते की. वर पैसे पण देते."

त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, याचंच मला जास्त वाटलं. म्हणून ठरवलं, या रिव्ह्यूंची गोष्ट पहिल्यापासून लिहायची. त्यात माझीही एक चूक आहे. तीही लिहितो.

सुरुवात आपल्या गावापासून करू. आजच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही, पण एके काळी देशभरच्या घरांत पोचणारे टीव्ही आपल्या चितेगावात बनायचे. पैठण रोडवरचा व्हिडिओकॉनचा कारखाना म्हणजे या भागाची ओळख होती. बाहेरगावी "चितेगाव कुठं?" असं कोणी विचारलं की "व्हिडिओकॉनचं" एवढं सांगितलं तरी पुरायचं. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि ते पर्व मागं पडलं. तो विषय वेगळा आहे, कधीतरी स्वतंत्र लिहीन.

आमचे आण्णा याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात क्यूसीला होते. क्यूसी म्हणजे माल तपासणारा विभाग. लाइनवरून आलेला नग बघायचा, चालवायचा, ठीक असेल तर पासचा शिक्का, नसेल तर बाजूला. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "आण्णा, माल फेल केला तर लाइनवाले चिडत नाहीत का?" ते म्हणाले, "चिडतात ना. महिनाअखेरीला तर लई चिडतात. पण माझा साहेब वेगळा आहे, त्यांचा साहेब वेगळा आहे. ज्या दिवशी दोघांचा साहेब एकच होईल, त्या दिवशी सगळा माल पास."

तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं. आज गेमच्या रिव्ह्यूंचा इतिहास वाचताना हेच वाक्य पुन्हा पुन्हा आठवतं.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्ही गेम आले. टीव्हीला वायर लावायची, डबड्यात कॅसेट खुपसायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा लावायची. सामुराई, लिटल मास्टर ही नावं ज्यांना आठवत असतील त्यांनी हात वर करा. मारिओ, कॉन्ट्रा, बंदुकीने बदकं मारायचा तो खेळ. कॅसेटवर मोठ्या अक्षरात "९९९९ इन १" छापलेलं असायचं. घरी येऊन लावली की कळायचं, वेगळे खेळ दहा-बारा. बाकी सगळं तेच खेळ पुढच्या लेव्हलपासून, नवीन नंबर लावून. गेमच्या बाबतीत आमची पहिली फसवणूक त्या लेबलनेच केली.

तेव्हा रिव्ह्यू नावाचा प्रकार आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. होता तो गल्लीतला मित्र आणि सुट्टीत शहरातून येणारा मामेभाऊ. "ती कॅसेट नको घेऊ, तिसऱ्या लेव्हलला अडकते" असं तो सांगायचा आणि आम्ही ऐकायचो. का ऐकायचो? एक तर त्याने स्वतःच्या खाऊच्या पैशातून ती घेतलेली असायची. आणि खोटं बोलला तर पुढच्या सुट्टीत आम्हाला तोंड दाखवायचं होतं. गुलमंडीच्या दुकानात गेलं की दुकानदाराला म्हणायचं, "लावून दाखवा." लावून दाखवली तरच पैसे. एवढी साधी पद्धत होती, आणि बऱ्यापैकी चालत होती.

आता अमेरिकेत काय घडलं ते बघू, कारण रिव्ह्यूंची गरज नेमकी कशी पडली ते तिथं स्पष्ट दिसतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अटारी ही तिथली सगळ्यात मोठी गेम कंपनी. १९८२ च्या नाताळात विकायला म्हणून ई.टी. या गाजलेल्या सिनेमावर त्यांनी जेमतेम पाच आठवड्यांत गेम बनवला. बाजारात असा घाईघाईचा माल एवढा झाला की खोका बघून चांगलं कुठलं आणि भिकार कुठलं हे गिऱ्हाइकाला कळेना. लोकांनी घेणंच बंद केलं. १९८३ मध्ये न विकलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिको राज्यात अलामोगोर्डो गावाजवळ खड्डा खणून पुरल्या. कित्येक वर्षं लोकांना ही दंतकथाच वाटायची. २०१४ मध्ये खड्डा उकरला, तर खरंच कॅसेटी निघाल्या.

एका खराब मालाने आख्खा बाजार बसला. विश्वास गेला की चांगल्या मालालाही गिऱ्हाईक मिळत नाही, हे शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. एका गोणीत भेसळ सापडली की आख्ख्या गावच्या मालाला भाव पडतो.

मग जपानची निन्टेन्डो कंपनी अमेरिकेत उतरली. तिने दोन गोष्टी केल्या. खोक्यावर स्वतःच्या दर्जाचा शिक्का मारला, आणि १९८८ मध्ये निन्टेन्डो पॉवर नावाचं मासिक काढलं. त्यात गेमची माहिती, नकाशे, युक्त्या आणि गुणसुद्धा. पोरं अधाशासारखी वाचायची. पण जिचा माल, तिचंच मासिक. आण्णांच्या भाषेत, लाइनचा आणि क्यूसीचा साहेब एकच.

जपानमध्ये याच सुमारास एक बरी पद्धत निघाली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या फामित्सू मासिकात एका गेमला चार जण वेगवेगळे दहापैकी गुण देत, एकूण चाळीस. एकाची आवडनिवड दुसरा सावरून घ्यायचा. पहिली बारा वर्षं चाळीसपैकी चाळीस कुणालाच मिळाले नाहीत. पहिल्यांदा मिळाले ते १९९८ मध्ये, झेल्डा मालिकेतल्या ऑकारिना ऑफ टाइमला. पुढे मात्र पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांची रांग वाढत गेली. दहावीच्या निकालासारखंच म्हणा. सगळ्यांनाच नव्वद टक्के पडायला लागले की नव्वदची किंमत काय राहते?

आपल्याकडे कॉम्प्युटर आले तेव्हा मासिकंही आली. २००१ मध्ये मुंबईहून डिजिट सुरू झालं. आमच्यासारख्यांना खरं आकर्षण होतं सोबतच्या सीडीचं, कारण तीत गेमचे डेमो असायचे. डेमो म्हणजे गेमचा पहिला तुकडा फुकट. ही चाल जुनी. डूम हा प्रसिद्ध गेम १९९३ मध्ये आला तोच असा, की पहिला भाग फुकट वाटा आणि आवडला तर पुढच्या भागांचे पैसे द्या. आमच्या "लावून दाखवा"चंच मोठं रूप. मला विचाराल तर डेमोइतका प्रामाणिक रिव्ह्यू दुसरा नाही, कारण तिथं निकाल आपण स्वतः देतो.

इंटरनेट आलं आणि रिव्ह्यू फुकट झाले. वाचायला पैसे लागेनात. मग लिहिणाऱ्याचा पगार कोण देणार? जाहिरात. आणि गेमच्या वेबसाइटवर जाहिरात कोण देणार? गेमचीच कंपनी.

याचा स्फोट २००७ मध्ये झाला. गेमस्पॉट ही तेव्हाची मोठी वेबसाइट. तिथं जेफ गर्स्टमन नावाचा माणूस दहा वर्षांहून जास्त काळ रिव्ह्यू लिहीत होता. त्याने केन अँड लिंच नावाच्या गेमला दहापैकी सहा दिले. सहा म्हणजे काही शिवी नव्हे, बरा आहे एवढंच. पण त्या वेळी त्याच वेबसाइटवर त्याच गेमच्या जाहिराती चारी बाजूंनी लागल्या होत्या. नोव्हेंबर २००७ मध्ये गर्स्टमनची नोकरी गेली. वाचकांनी गदारोळ केला, काही सहकारीही सोडून गेले. पण खरं काय घडलं ते बोलायची त्याला करारामुळे मोकळीक नव्हती. ती २०१२ मध्ये मिळाली. तेव्हा त्याने उघड सांगितलं, की गुण कमी दिले म्हणून जाहिरातदार नाराज होत होते आणि वरच्या लोकांना तो दबाव पेलवला नाही.

यात एक गोष्ट नीट बघा. गर्स्टमन प्रामाणिकच होता. पण एकट्याच्या प्रामाणिकपणाने काय होतं? त्याने नग फेल केला, तर साहेबाने तपासणाऱ्यालाच बाजूला काढलं. पुढे त्याने जायंट बॉम्ब नावाची स्वतःची साइट काढली आणि तिला वर्गणी देणारे वाचक मिळाले.

"हे सगळं तिकडचं, आपल्याला काय त्याचं?" असं कोणी म्हणेल. मंडळी, २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पेड न्यूजचा विषय आपल्या महाराष्ट्रातूनच देशभर गेला होता. उमेदवारांची स्तुती बातमीच्या वेशात छापून आली होती. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलचा अहवालही आला. पैसे घेऊन छापलेली बातमी आणि पैसे घेऊन केलेला रिव्ह्यू हे एकाच आईचे दोन लेक आहेत. जाहिरात ही जाहिरात म्हणून आली तर आपण सावध असतो. ती बातमीच्या नाहीतर मताच्या कपड्यात आली की आपला पहारा उठतो. पैसे मोजले जातात ते नेमके त्या कपड्यांचे.

बरं, गुणांचा जाच फक्त गिऱ्हाइकालाच होतो असंही नाही. मेटाक्रिटिक नावाची वेबसाइट सगळ्या रिव्ह्यूंची सरासरी काढते. २०१० मध्ये आलेला फॉलआउट: न्यू व्हेगस हा गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला, सरासरी ८५ आली तर बोनस मिळणार होता. आली ८४. बोनस गेला. गेम आवडीने खेळला जातो, पण एका गुणाने बनवणाऱ्यांचा घास हुकला. गुणांवर पैसा लटकवला की गुण देणाऱ्यावर दोन्हीकडून ओढ येणारच.

आता २०२०. सायबरपंक २०७७ ची जगभर हवा होती. विक्रीच्या आधीच ८० लाख लोकांनी नोंदणी केलेली. रिव्ह्यू आले, बहुतेक उत्तम. १० डिसेंबरला गेम बाजारात आला आणि प्लेस्टेशन ४ वर खेळणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. चित्रं तुटतायत, गेम मधेच बंद पडतोय. मग रिव्ह्यू खोटे होते का? तसं नव्हतं. कंपनीने रिव्ह्यू करणाऱ्यांना आधी फक्त भारी कॉम्प्युटरवर चालणारी प्रत दिली होती आणि दृश्यंही स्वतःची दाखवायची नाहीत अशी अट होती. ज्या जुन्या मशीनवर गेम रडत होता, तिथला नग तपासणाऱ्यांच्या टेबलावर आलाच नाही. आठवड्याभरात सोनीने गेम आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली.

म्हणून कोण पैसे देतो एवढंच विचारून भागत नाही. तपासायला नग कोणी निवडून दिला, हेही विचारावं लागतं. आण्णा लाइनवरचा नग स्वतः उचलायचे. "लाइनवाल्याने हातात दिलेला नग कधी तपासू नये" असं म्हणायचे. ते का, हे मला सायबरपंकने शिकवलं. अमेरिकेत कंझ्युमर रिपोर्ट्स नावाची संस्था १९३६ पासून याच शिस्तीने चालते. तपासायची वस्तू दुकानातून स्वतः विकत घ्यायची, कंपनीकडून जाहिरात घ्यायची नाही, खर्च वर्गणीदारांचा.

त्याच २०२० सालचं आपलं उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने राजी: ॲन एन्शंट एपिक हा गेम काढला. आपल्या पुराणांच्या जगात फिरणारी, हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी. द गेम अवॉर्ड्स या मोठ्या सोहळ्यात पदार्पणाच्या गेमच्या गटात त्याला नामांकन मिळालं. रिव्ह्यूंत चित्रांचं आणि कल्पनेचं कौतुक झालं, पण लढाईचं तंत्र रांगडं आहे आणि गेम लवकर संपतो असंही अनेकांनी लिहिलं. मला स्वतःला हे वाचून राग आला होता. आपल्या माणसांनी केलंय, जरा सांभाळून घ्या ना! मग माझ्याच लक्षात आलं, की पैसे न घेताही निकाल वाकतो. आपलेपणाने वाकतो, अभिमानाने वाकतो. मी राजी खेळलो. चित्रं बघून उर भरून आला, आणि लढाई खरंच रांगडी वाटली. दोन्ही खरं आहे. दोन्ही सांगितलं तरच पुण्यातल्या पोरांचा पुढचा गेम सुधारेल.

आता यूट्यूब आणि इन्स्टाग्रामचा जमाना. २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने वॉर्नर ब्रदर्सवरचं एक प्रकरण उघड केलं. त्यांच्या गेमसाठी नामवंत यूट्यूबरांना पैसे दिले होते, त्यात प्युडीपायसुद्धा होता. अटी अशा, की चांगलंच बोलायचं आणि गेममधले दोष दाखवायचे नाहीत. पैसे घेतल्याचा उल्लेख बहुतेकांनी व्हिडिओच्या खालच्या मजकुरात, "आणखी बघा" दाबल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी टाकला होता.

इथं माझी चूक येते.

२०२२ मध्ये माझ्या या पेजवर बऱ्यापैकी लोक जमले होते. एका एजन्सीचा फोन आला. पत्त्यांचा पैशाचा गेम होता. "चार ओळींचा रिव्ह्यू टाका, पाच हजार देतो." मजकूर त्यांनीच पाठवला. त्यात "मी स्वतः खेळून पाहिला" असं वाक्य होतं. मी तो गेम उघडूनही बघितला नव्हता. तरी पोस्ट टाकली. आपल्याच गावातल्या एका पोराने ती वाचून गेम घेतला. एमआयडीसीत कंत्राटावर कामाला होता. दोन महिन्यांत त्याचा पगार त्यात गेला, वर मित्रांची उसनवारी. त्याची आई घरी आली. भांडली नाही. "भाऊ, तुम्ही लिहिलं होतं म्हणून त्याने घेतलं" एवढंच म्हणाली. मी पाच हजार पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "जिथं लिहिलं होतं, तिथंच लिहा की चुकलं म्हणून."

मी ती पोस्ट गुपचूप काढून टाकली. चुकलं म्हणून लिहिलं नाही. लाज वाटत होती, आणि पेजवरचे लोक कमी होतील ही भीतीही होती. आण्णा तेव्हा होते. त्यांनाही सांगितलं नाही. मरेपर्यंत शिक्का जपणाऱ्या माणसाला काय सांगणार, की मी नग न बघताच पास केला?

कायदा काय म्हणतो, तेही सांगतो, कारण तेव्हा मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम आणले आणि २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारनेही सूचना काढल्या. सार असं, की पैसे, वस्तू, फुकट प्रवास, काहीही घेतलं असेल तर ते सहज दिसेल असं सांगायचं. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक २०२२ मध्ये आलं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. त्यात अशा गेमची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदे आहेत. पण चितेगावातला माणूस चार ओळी टाकतो तेव्हा बघायला कोण येतं? तिथं एकमेकांनाच विचारावं लागतं.

पुतण्याला मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. रिव्ह्यू बघताना पहिलं विचारायचं, याने गेम विकत घेतला का? दुसरं, आपल्याकडे आहे तसल्याच मोबाईलवर, तसल्याच कॉम्प्युटरवर खेळला का? तिसरं, याने आजवर एखाद्या गेमला "घेऊ नका" म्हटलंय का? ज्याने कधीच कुठला नग फेल केला नाही, त्याच्या पासच्या शिक्क्याला अर्थ नाही. आणि शक्य असेल तिथं "लावून दाखवा". स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास आपली क्यूसी. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पुतण्याने शोधून शोधून एक व्हिडिओ काढला. करणारा पोरगा फारसा प्रसिद्ध नाही. गेम स्वतः विकत घेतलेला, कॉम्प्युटर याच्यासारखाच जुना. तो म्हणत होता, गेम मस्त आहे, पण या मशीनवर अडखळतो, थांबा. पुतण्या थांबलाय.

आणि आता जे तेव्हाच लिहायला हवं होतं ते. २०२२ मध्ये या पेजवर मी पत्त्यांच्या पैशाच्या गेमचा जो रिव्ह्यू टाकला होता, तो खोटा होता. मी तो गेम खेळलो नव्हतो. पाच हजार रुपये घेऊन दुसऱ्याने लिहिलेला मजकूर माझ्या नावाने टाकला होता. ज्या घराचं त्यात नुकसान झालं, त्यांची मी सगळ्यांसमोर माफी मागतो. यापुढे या पेजवर कुठल्याही वस्तूबद्दल लिहिलं, तर पहिल्याच ओळीत लिहीन की ती विकत घेतली, उसनी घेतली की फुकट मिळाली. नाही लिहिलं तर कॉमेंटमध्ये बिनधास्त विचारा, क्यूसीचा साहेब कोण?